डब्यावरचा ‘वाळण्याचा वेळ’

मंडळी, आज एका शब्दानं माझी चांगलीच जिरवली.

सांगलीच्या कारखान्यात मी सीलंट बनवते, म्हणजे सांधे बुजवायचं रसायन. सकाळीच कवठे महांकाळहून रफीकचाचांचा फोन आला. ते बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला भिंतींची पॅनेल बसवतात आणि त्यांचे सांधे आमच्या सीलंटनं बुजवतात.

"ताई, तुमचा माल वाळंना झालाय. मालक म्हणतोय, चाचा, आता तुमचा हात चालंना, दुसरा माणूस बघतो."

आवाज इतका पडलेला होता की मी लगेच गाडी काढली.

आत शिरले तर नुसती भट्टी! चाचांनी दारं लावून बेदाणा वाळवायचे गरम हवेचे ब्लोअर सांध्यांवर सोडले होते. अहो, हे सीलंट वाळत नसतंच. हवेतली ओल घेऊन ते घट्ट होतं. कोरड्या हवेत ते चिकटच राहणार.

"पर डब्यावर तर लिवलंय की," चाचा म्हणाले, "वाळण्याचा वेळ."

ते मीच लिहिलंय.

ब्लोअर बंद केले, ओली पोती टांगली.

"म्हंजी सिमेंटला पाणी मारतो तसं व्हय?"

"अगदी तसंच."

संध्याकाळी चाचांनी सांध्यावर बोट टेकलं. चिकटलं नाही. तेच कोरडं बोट दाखवायला चाचा थेट मालकापुढं गेले. मीही सगळ्यांदेखत सांगितलं, "हात त्यांचा चांगलाच आहे. शब्द माझा चुकला."

आता नवीन लेबल करायचंय. ‘वाळण्याचा’ काढून काय लिहू, सांगा.

चाचांना विचारलं तर हसले. "कायबी लिवा ताई, पर छापायच्या आदी आमाला एकदा वाचून दावा."