श्वास धरणारे काका

सोन्याच्या कारखान्यात काटेवाले काका म्हणतील तेच वजन. कारागीर सकाळी सोनं घेऊन जाणार, संध्याकाळी घडलेला माल आणि उरलेला कीस आणून देणार, आणि काका दोन्ही तोलणार. काटा असा नाजूक, की जवळ कुणी शिंकलं तर झालंच कल्याण. त्यामुळे काटा हलू लागला की काकांचा श्वास आपोआप थांबायचा. उभा जन्म त्यात गेला. घरी बायको दूध मापू लागली तरी हे आपले श्वास धरून उभे! ती म्हणायची, सोडा हो, दूध काही उडून जात नाही.

मग कारखान्यातून साखळ्या गायब झाल्या. पोलिसांत जावं तर गिऱ्हाइकांत बभ्रा होणार, म्हणून मालकांनी खोटं पकडणारं यंत्र आणि ते चालवणारा टायवाला तज्ज्ञ बोलावला. पहिला बसला मालकांचा भाचा. हा गडी मुळातच निगरगट्ट. श्वास मोजणारा पट्टा छातीला बांधून घेतला आणि न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखा आरामात उत्तरं देऊन उठला. धुतल्या तांदळासारखा ठरला मेला! मग काकांची पाळी आली. खरं तर यंत्राची सुई बसणाऱ्याला दिसू नये, पण खोलीच एवढीशी, की ती त्यांच्या नाकासमोर थरथरत होती. सुई हलली की काकांचा श्वास बंद. प्रत्येक प्रश्नाला हेच. तज्ज्ञानं निकाल दिला, हा माणूस लपवतोय.

घरी आल्यावर काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी सांगूनही पाहिलं. तज्ज्ञ हसला. म्हणाला, सापडलेला प्रत्येक जण काहीतरी कारण सांगतोच. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! काकांना घरी बसवलं.

बायकोनं मालकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मुलगा मात्र शिकलेला, बँकेत नोकरीला. स्वयंपाकघरात आईला हळूच म्हणाला, "यंत्राचं काय बाबांशी वैर आहे?" काका दाराआड होते, त्यांनी ऐकलं. नोकरी गेल्याचं एवढं वाटलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात सुनेचे दागिने कपाटातून निघून लॉकरमध्ये गेले. त्यावर कुणी काही बोललं नाही, काकांनीही नाही. पण त्या दिवसापासून त्यांना घरात परक्यासारखं वाटू लागलं.

शेवटी भाचाच साखळी विकताना सापडला. मालक घरी आले. माफी? नाव नको. यंत्र बरोबरच होतं म्हणे, तुम्हीच घाबरलात! उद्यापासून या म्हणाले. काका हो म्हणाले. या वयात दुसरं कोण दारात उभं करणार होतं?

मालक गेल्यावर मुलगा जवळ येऊन बसला. म्हणाला, "बाबा, मला खात्री होतीच."

"नव्हती रे," काका म्हणाले. "असती तर दागिने हलवले नसतेस. संशय येतो माणसाला, त्याचं काही नाही. पण मी रोज तुझ्यासमोर जेवत होतो. एकदा तरी विचारायचंस, बाबा, तुम्ही घेतलं का?"

मुलगा खाली बघत म्हणाला, "विचारून काय उपयोग होता? तुम्ही नाहीच म्हणाला असता."