सदाशिवराव खिडकीवर आले

पावसाळ्यात तिकीटबाबूची नोकरी दुश्मनालाही मिळू नये. गाडी वेळेवर आली तर कौतुक ड्रायव्हरचं, आणि रद्द झाली तर शिव्या खिडकीतल्या माणसाला. दारव्ह्याच्या स्टेशनावर छप्पन सालापासून मी त्या खाल्ल्या. आमची गाडी छोटी, रूळ अरुंद, आणि खाली काळी माती. नाल्याला पूर आला की तार यायची, मी फळ्यावर खडूनं ‘गाडी रद्द’ लिहायचो, आणि सगळी जत्रा खिडकीवर लोटायची. तिकीट द्या, पैसे वापस घ्या. कुणी चिंब भिजून लगदा झालेलं तिकीट आणायचा, कुणी मागच्या महिन्याचं. एका पाहुण्यानं तर गाडीची वाट पाहता पाहता घेतलेल्या दोन चहांचे पैसेही मागितले होते.

या गर्दीत एकच माणूस कधी दिसला नाही. माझे घरमालक, सदाशिवराव. गावाबाहेर त्यांचं कपाशी-तुरीचं चांगलं वावर होतं. त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको हलीमा भाड्यानं राहायचो. गाडी रद्द झाली की त्यांची स्वारी तिकीट खिशात घालून सरळ घरी.

“पैसे हक्काचे हायेत, सदाशिवराव,” मी म्हणायचो.

“देल्लं ते देल्लं, नासिरबाबू. हातातून सुटलेलं वापस घेनारा मानूस मी नाही.”

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. एकदा बाजारातून आणलेल्या नव्या चपला त्यांना चावल्या. दुकानदार बदलून द्यायला तयार होता, पण हे वर्षभर लंगडत फिरले. शेजाऱ्याला वापरायला दिलेलं वखर तो परत द्यायला आला, तर त्याला दारातूनच माघारी धाडलं आणि स्वतः नवं करून घेतलं. गावाला याचं मोठं कौतुक. मलाही होतं, पण थोडं हसूही यायचं. लीलाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हसू येत नसे. चपलांचे आणि वखराचे पैसे घरातूनच जायचे.

एकसष्ट साली त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, इंदूचं, लग्न कारंज्याला झालं. पुढच्या वर्षी राखीला ती माहेरी आली, तेव्हा ओळखू येईना. हलीमानं तिच्या पाठीला तेल लावलं तर पाठीवर वळ. सासू उपाशी ठेवायची, नवरा हात उचलायचा. लीलाबाईंनी हे सगळं नवऱ्याच्या कानावर घातलं. मधली भिंत पातळ, त्यामुळे आम्हालाही सगळं ऐकू आलं.

“कन्यादान केलं ना आपन? आता दान वापस घेऊ काय?” सदाशिवराव म्हणाले.

त्या दिवशी मला हसू आलं नाही, संताप आला. चपलेला आणि पोटच्या पोरीला एकच कायदा लावणारा हा कसला बाप! दुसऱ्या दिवशी मी त्यांना तसं बोललोही. त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. पोळा झाला की इंदूला पोचवायला ते स्वतःच जाणार होते. जसजसा पोळा जवळ आला तसतसं तिचं जेवण सुटलं. लीलाबाई भरलं ताट नेत आणि तसंच उचलून आणत.

निघायच्या दिवशी सकाळपासून पावसाची झड लागली होती. बापलेक स्टेशनावर आले. कारंज्याची दोन तिकिटं मीच जड मनानं दिली. इंदू समोरच्या बाकावर ट्रंकेशेजारी बसली, मांडीवर आईनं दिलेलं शिदोरीचं गाठोडं. थोड्या वेळानं तार आली, पुढे रूळ पाण्याखाली गेले होते. मी फळ्यावर लिहिलं आणि नेहमीचा कल्ला सुरू झाला.

इंदूनं फळा वाचला. तरी तिनं विचारलं, “बाबा, आज जाचं नाही ना?”

“आज नाही.”

तिनं गाठोडं सोडलं. आत दशम्या होत्या आणि ठेचा. पोरगी खायला लागली. पहिला घास गिळायच्या आत दुसरा. तिला ठसका लागला, सदाशिवरावांनी तांब्या पुढे केला, ती दोन घोट प्याली आणि पुन्हा खाऊ लागली. आजूबाजूला लोक ओरडत होते, ट्रंका ओढत होते, तिला कशाचं भान नव्हतं. एका दिवसाची सुटका झाली, एवढ्यावर ती जेवत होती. सदाशिवराव तांब्या हातात घेऊन तसेच उभे राहिले. मला रडू यायला लागलं म्हणून मी मान खाली घालून लोकांचे पैसे देत राहिलो.

मान वर केली तर रांगेत सदाशिवराव! पुढच्या माणसानं त्यांना मोठं समजून जागा दिली, तर म्हणाले, “राहू दे, नंबरानं येतो.”

मला वाटलं, उद्याच्या गाडीचं विचारायला आले. कितीतरी दिवसांनी मी त्यांच्याशी बोललो, “आना तिकिटं. मांगच्या बाजूनं उद्याची सही मारून देतो. पानी उतरलं तं उद्या गाडी निघन.”

त्यांनी कोटातून दोन्ही तिकिटं काढली. एक माझ्यासमोर ठेवलं. बोट त्याच्यावर दाबून धरलं होतं, मग उचललं.

“हे इंदूचं. याचे पैसे वापस पाह्यजे.”

मी त्यांच्या तोंडाकडेच बघत राहिलो. मागून कुणीतरी खेकसलं, “आवरा नं जी, बाबू!” मी पैसे काढून दिले. ते त्यांनी न मोजता मुठीत घट्ट धरले.

“आन हे दुसरं?” मी विचारलं.

“त्याच्यावर मारा उद्याची सही. मी एकटा जातो कारंज्याले.”

“एकटे काहून?”

ते बाकाकडे बघत होते. इंदू शेवटची दशमी मोडत होती.

“तिचं सामान तिथंच हाय ना, नासिरबाबू,” ते म्हणाले. “लग्नात देल्लेलं सारं आनतो. एक वाटीबी ठेवत नाही त्या घरी.”