ओकच्या टेबलाचा सौदा

वित्स्के डायक्स्त्रानं नवऱ्याचं घर सोडलं ते अंगावरच्या कपड्यांनिशी. एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी. त्यानंतर कित्येक वर्षं तिनं हार्लिंगन या बंदराच्या गावी एका भाड्याच्या खोलीत काढली. खोलीतली खाट घरमालकाची, खुर्चीही त्याचीच. बेटांकडे जाणाऱ्या बोटीवर ती प्रवाशांना कॉफी आणि वाटाण्याचं सूप वाढायची. समुद्र खवळला की लोक तेच सूप ओकायचे आणि तीच ते पुसायची. पैला पै जोडत चोपन्नाव्या वर्षी तिनं बंदरामागच्या गल्लीतलं एक अरुंद घर घेतलं. कागद झाले, ताबा तेवढा वसंतात मिळायचा होता.

घर विकणारे रोमर्ट बोन्स्त्रा ऐंशी ओलांडलेले. गुडघ्यांनी दगा दिला होता, बायको जाऊन बराच काळ लोटला होता आणि वृद्धाश्रमात जागा कधी रिकामी होते याची ते वाट पाहत होते. दलालानं आधीच हात झटकले होते. "आतल्या सामानाचं तुमचं तुम्ही बघा. मी त्यात पडत नाही."

म्हणून सुट्टी बघून एका शनिवारी वित्स्के त्यांच्याकडे गेली. म्हाताऱ्यांनी कॉफी ओतली, एक बिस्कीट तिला दिलं, एक स्वतः घेतलं आणि डबा लावून टाकला.

"टेबल ओकच्या लाकडाचं आहे," ते म्हणाले. "माझ्या सासऱ्यानं केलेलं. सहाशे."

"सहाशेत मी नवं आणीन, काका."

"नवं म्हणजे भुसा दाबून केलेलं. तुमच्या बोटीवरचं सूप सांडलं तर विरघळून जाईल."

"आमच्या सुपाला नावं ठेवायची नाहीत. तीनशे."

"तीनशेत एक पाय घेऊन जा. कुठला हवा ते सांग, करवत आणतो."

वित्स्के हसली. घरात बसून असं हसल्याला किती काळ झाला, हे तिचं तिलाच आठवेना.

पुढच्या शनिवारी टेबल पाचशेवर उतरलं आणि त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा साडेपाचशेवर चढलं. मग कपाट आलं, मग उंच पाठीची आरामखुर्ची. कपाटाच्या किमतीत चादरी धरायच्या की नाही यावर एक अख्खी दुपार गेली. म्हाताऱ्याला विकायचं नाही, हे वित्स्केच्या लक्षात आलं. टेबल विकलं की वृद्धाश्रम आलाच. मग तीही ताणू लागली. येताना धुरावलेला मासा आणायची, भांडी विसळून ठेवायची आणि मग बाह्या सरसावून भांडायला बसायची. पुरुषमाणूस समोर बसून आवाज चढवतोय आणि आपल्याला भीती वाटत नाही, याचं तिला अप्रूप वाटे.

एकदाच ती वाटली. घासाघीस रंगात आली होती आणि रोमर्टनी टेबलावर मूठ आपटली. वित्स्केच्या हातातली कॉफी बशीत हिंदकळली. तिचे खांदे आपोआप कानांपर्यंत चढले.

"घाबरलीस होय?" म्हाताऱ्यांनी विचारलं. त्यांना गंमत वाटली होती.

"नाही हो," ती म्हणाली आणि हसून घेतलं.

थंडी सरता सरता सौदा जमला. टेबल, सहा खुर्च्या, कपाट, आरामखुर्ची, सगळं मिळून नऊशे युरो. हातावर हात मारून ठरलं. कागद कुणी केला नाही. टेबल मात्र खिडकीखालून हलवायचं नाही, एवढी अट म्हाताऱ्यांनी घातली आणि वित्स्केनं ती मानली.

त्याच आठवड्यात ते न्हाणीघरात कोसळले. शेजारणीनं दार फोडवून बाहेर काढलं तोवर डावी बाजू गेली होती. दवाखान्यातून त्यांना परस्पर वृद्धाश्रमातच नेलं.

वित्स्के शनिवारी आली तेव्हा गल्लीत भंगार टाकायचा एक मोठा लोखंडी डबा उभा होता. त्यात कपाटाच्या फळ्या पडल्या होत्या. दारातून एक पन्नाशीची बाई खुर्च्या ओढत आणत होती. नाक-कपाळ थेट म्हाताऱ्यांचं. ही त्यांची मुलगी हिंके. म्हातारे तिचं नाव क्वचितच घेत.

"अहो, थांबा!" वित्स्के धावली. "हे सामान मी घेतलंय. तुमच्या वडिलांशी माझं ठरलंय."

"लिहून दिलंय का त्यांनी?"

"नाही. पण शब्द दिलाय."

"बरं." हिंकेनं घाम पुसला. "कितीला?"

वित्स्केनं आकडा सांगितला.

"तेवढे पैसे मी तुम्हाला देते. घ्या, दुसरं काही आणा. हे टेबल मी कुणाच्या घरात राहू देणार नाही."

"एवढं काय केलंय त्या टेबलानं?" वित्स्के चिडून म्हणाली. "त्यांचा जीव होता त्याच्यावर. तुम्ही तर कधी फिरकला नाहीत. शनिवार-शनिवार मी येत होते."

हिंकेनं हातातली खुर्ची खाली ठेवली. आवाज न चढवता ती बोलू लागली. "आम्ही तिघं भावंडं. जेवताना दोन्ही तळहात टेबलावर दिसले पाहिजेत, असा नियम. हात हलला की पट्टा त्या हातावर. धाकटा आयसे हाताचं हाड मोडलं तरी तसाच बसून राहिला, शेवटचा घास संपेपर्यंत. दवाखान्यात आई म्हणाली, सायकलवरून पडला. आम्ही फारच पडायचो सायकलवरून." ती क्षणभर थांबली. "आयसे सतराव्या वर्षी कालव्यात गेला. त्याला उत्तम पोहता येत होतं."

आपण दवाखान्यात जिन्याचं नाव सांगायचो, ते वित्स्केला आठवलं. ही बाई खोटं बोलत नाही हे कळायला तिला पुरावा नको होता. ती आत गेली. खिडकीखाली टेबल होतं, तिनंच मेण लावून चमकवलेलं.

"तिकडचं टोक धरा," ती म्हणाली. "जड आहे."

दोघींनी ते दारापर्यंत ओढत आणलं. दारातून निघेना तेव्हा हिंकेनं कुऱ्हाड आणली. आधी हिंके, मग वित्स्के. ओक चिवट होतं. घाव घालून घालून वित्स्केच्या मोडून जुळलेल्या हाताला कळा येऊ लागल्या, पण तिनं कुऱ्हाड परत दिली नाही.

काही दिवसांनी ती वृद्धाश्रमात गेली. जायचं नव्हतं, पण पाय वळले. रोमर्ट उशांना टेकून होते. तोंडाची एक बाजू लोंबत होती, शब्द ओले होऊन बाहेर पडत होते.

"टेबल... जागेवर आहे?"

हो म्हणणं सोपं होतं. पण पुरुषांसाठी खोटं बोलून वित्स्केचा जन्म गेला होता.

"नाही, काका. फोडलं. हिंकेनं आणि मी."

त्यांनी मान तिच्याकडे वळवली. "हिंके... काय म्हणाली?"

"सगळं सांगितलं तिनं. आयसेचंही."

त्यांनी डोळे मिटले. आता रडतील, निदान आयसेचं नाव तरी घेतील, असं तिला वाटलं. त्यांचा चांगला हात चादरीवर जरासा हलला.

"पोरं... द्वाड होती," ते म्हणाले.

वित्स्केनं कोटाची बटणं लावली आणि ती निघाली. पुन्हा गेली नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर रोमर्ट गेले. हिंकेनं फोनवर अंत्यविधीचा दिवस आणि वेळ कळवली, या म्हणाली नाही. त्या दिवशी वित्स्के बोटीवर होती. वारा वायव्येचा होता, निम्मे प्रवासी आजारी पडले होते आणि तिला मान वर करायला फुरसत नव्हती. नव्या घरात ती बरेच दिवस जमिनीवर बसून जेवली. अधूनमधून तिला म्हाताऱ्यांची आठवण येई, त्यांच्या त्या करवतीच्या बोलण्याचं हसूही येई, आणि लगेच स्वतःची शिसारी येई. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. हिंकेला तर नाहीच.