कोर्ट उठेपर्यंत

माझ्या धाकट्या बहिणीने तुरुंगवास भोगला तो कोर्टाच्याच खोलीत, भिंतीलगतच्या बाकावर, पंख्याखाली बसून. या शिक्षेला 'कोर्ट उठेपर्यंत कैद' म्हणतात. संध्याकाळी न्यायाधीश उठून आत गेले की कैदी घरी जायला मोकळा.

सुरुवात आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या सभेत झाली. इमारत पाडून नवी बांधायची होती. चेअरमननी आवारात व्यासपीठ उभारलं, गालिचा अंथरला आणि बिल्डरला शाल, श्रीफळ, फेटा असं सगळं चढवलं. अजून एक वीटही रचलेली नव्हती. बहिणीने विचारलं, "इमारत होईपर्यंत आमचं भाडं कोण देणार?" चेअरमन म्हणाले, "प्रश्न शेवटी." शेवटी म्हणजे राष्ट्रगीतानंतर, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तिने वर जाऊन माईक धरला. चेअरमननी तो ओढला, मागे सरताना त्यांचा पाय वायरीत अडकला आणि ते खाली पडले. मनगट मोडलं. तक्रारीत लिहिलं गेलं की तिने ढकललं.

सगळ्या सोसायटीने पाहिलं होतं. पण नव्या इमारतीत कोणाला कुठला मजला, हे चेअरमन ठरवणार होते. घरच्यांखेरीज साक्षीला कोणी मिळालं नाही.

बहीण शाळेत बालवर्गाला शिकवायची. खटला लांबला तशी संस्थेकडून विचारणा सुरू झाली. मग एक दिवस आमचे वकील कोर्टाच्या जिन्यात म्हणाले, "ताई, कबूल करून टाका. चेअरमनशी बोललोय, सरकारी वकिलांशीपण. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडतील. नोकरीला धक्का नाही."

"पण मी ढकललं नाही ना."

"ते सिद्ध करत बसलात तर बालवर्गातली पोरं कॉलेजात जातील. आणि ऐका, साहेब विचारतील, कोणी दबाव आणला का, कसलं आश्वासन दिलं का. नाही म्हणायचं."

"आत्ताच तर दिलंत."

"म्हणूनच नाही म्हणायचं. हो म्हणालात तर कबुली घेणारच नाहीत."

लग्नात भटजी सांगतात ते नवरानवरी निमूट म्हणतात, तसं ती म्हणाली. आश्वासन? नाही. दबाव? नाही. न्यायाधीशांनी तिच्याकडे नीट पाहून पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. ते लिहून घेतलं गेलं.

हमीचा विषय निघालाच नाही. दंड झाला आणि ही कैद. वकील म्हणाले, "काही नाही हो, नुसतं बसायचं." ती बसली. मी बाहेरून खुणेने विचारलं, पाणी हवं का. शिपायाने दटावलं तेव्हा दोघांनाही हसू आलं. घरी आल्यावर आईने विचारलं, "काय गो, जेलात जेवूक तरी दिल्यानी?" आम्ही त्या रात्री पोट धरधरून हसलो.

शाळेच्या संस्थेला विनोद कळला नाही. त्यांच्या नियमात कैद म्हणजे कैद. ती बाकावर होती की कोठडीत, असा रकाना नव्हता. मुख्याध्यापिका भली बाई. तिला म्हणाली, "निकाल फिरव. तोवर तुझ्या जागेवर मी कायम कोणाला घेत नाही."

म्हणून नवा वकील, वरचं कोर्ट, आणि अर्ज: आश्वासन देऊन कबुली घेतली, ती मागे घेऊ द्या, खटला रीतसर चालू द्या. जुने वकील आता म्हणत होते, "मी प्रयत्न करू म्हटलं होतं." सरकारी वकिलांना काही आठवत नव्हतं. कागदोपत्री त्या जिन्यातल्या बोलण्याचं नाव 'कथित आश्वासन' झालं. जिना तेवढा कथित नव्हता.

वरच्या न्यायाधीशबाई आवाज न चढवता बोलायच्या. त्यांनी जुनी नोंद वाचली आणि बहिणीलाच विचारलं, "तुम्हाला दोनदा विचारलेलं दिसतंय. दोन्हीदा तुम्ही नाही म्हणालात. खरं होतं?"

"नाही. तसं म्हणायला शिकवलं होतं."

"आणि आज काय म्हणायचं, ते कोणी सांगितलं?"

बहिणीने नव्या वकिलाकडे पाहिलं. पाहिलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं. पण कोर्टात काही विचारलं की वकिलाकडे पाहायचं, एवढंच तर ती तिथे शिकली होती. बाईंनी ते पाहिलं. "मी आज खरं सांगतेय," ती म्हणाली.

अर्ज फेटाळला. बाहेर आल्यावर वकील म्हणाला, "हायकोर्टात जाऊ."

"तिथे हीच नोंद वाचतील ना?"

"वाचतील."

"मग नको."

मी समजावत राहिलो. दादा, पुरे आता, म्हणाली. तिथेच, पार्किंगमधल्या स्कूटरना टेकून, तिने मुख्याध्यापिकेला फोन लावला. "बाई, नाही झालं. तुम्ही घ्या दुसऱ्या कोणाला तरी." पलीकडून बराच वेळ काही बोलणं झालं. मग ती म्हणाली, "हो, हो. फक्त नव्या बाईंना सांगा, खिडकीजवळच्या त्या मुलीला डबा उघडता येत नाही. ती कोणाला सांगत नाही, तशीच बसून राहते."