पहिली शुक्राची, मी मंगळाची

माझ्या पत्रिकेत मंगळ, म्हणून मला बिजवराला दिली. नवरा आलापल्लीला जंगलखात्यात नाकेदार होता आणि त्याची पहिली बायको हिवतापानं गेलेली. मेलेल्या बाईचा काय हेवा करायचा, असं तुम्ही म्हणाल. करून बघा. जिवंत सवत निदान कधीतरी भाजी करपवते.

लग्न वैशाखातलं. सासरी पाऊल टाकलं त्याच संध्याकाळी सासूबाई अंगणातल्या बायकांना म्हणाल्या, "पहिली माही शुक्राची चांदणी होती वो. आता हे मंगळाची आणली." मी दाराआड उभी राहून सगळं ऐकलं. आणि नेमका त्या वर्षी शुक्र मावळतीला, सागाच्या शेंड्यांवर, असा तेजाळला होता की दिवा लावायची गरज वाटू नये. हे जंगलातून आले की काठी भिंतीला टेकवायचे, बाजेवर बसायचे आणि तिकडेच बघत राहायचे. हातातला चहा निवून जायचा. माझ्या अंगाची नुसती लाही लाही व्हायची.

पावसाच्या तोंडावर शुक्र दिसेनासा झाला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू! मग भादव्यात आभाळ उघडलं तर उगवतीला मंगळ, चांगला टपोरा, निखाऱ्यासारखा. दोन वर्षांत एकदा तो पृथ्वीच्या जवळ येतो म्हणे, आणि त्या वर्षी तर फारच जवळ आला होता. सासूबाई डोळ्यांवर पदर ओढून आत गेल्या. मी मात्र मान वर करून अंगणात उभी राहिले.

शेजारपाजारचे जमले तसे हे समजावून सांगू लागले. शुक्र जवळजवळ पृथ्वीएवढा, मंगळ तिच्या निम्मा. शुक्र सूर्याला सोडून लांब जात नाही, म्हणून तो संध्याकाळी नाहीतर पहाटेच दिसतो. मंगळ सध्या रातभर आभाळात. शुक्राचं तेज म्हणजे त्याच्या ढगांवर पडलेलं ऊन, खालची जमीन अजून कोणी पाहिलेली नाही. मंगळाची जमीन दुर्बिणीतून दिसते, तांबडी, कोरडी, आणि तिथला दिवसही आपल्याएवढाच. एवढं सगळं हे माझ्या ग्रहाबद्दल बोलत होते, माझ्या अंगणात, चारचौघांत. मला वाटलं, झाला बाई हा माणूस माझा.

समोरच्या घरच्या गाडीवानानं विचारलं, "भाऊ, तुमाले कोनं शिकवलं हे सारं?"

"पहिलीनं," हे म्हणाले. "चांद्याले सातवी शिकली होती ते. इथीच बसवून दाखवे मले. मंगळ तिले लय आवडे."

मी तडक घरात गेले. माझ्या वाट्याला आलेला तेवढा एक ग्रह, तोही तिचा उष्टा.

पहाटे सडा टाकायला बाहेर आले तर पूर्वेला शुक्र परत हजर, घासल्या भांड्यासारखा लख्ख. आतून यांचा झोपाळलेला आवाज आला, "चांदणी दिसून राह्यली का वो?"

"नाई," मी म्हणाले, "आभाळ आलं हाये."

आणि बाहेरून दार ओढून घेतलं.