चढावरचे प्रश्न

बाळांनो, आमचा पुण्याचा ज्येष्ठांचा गट कोकणात किनाऱ्याच्या पायवाटेने दिवसभर चालायला गेला होता. जो मागे पडेल त्याला जीपमध्ये बसवणार, असा नियम होता. मला काही झाले तरी जीपमध्ये बसायचे नव्हते.

गटात नारायण पेठेतले एक अनोळखी गृहस्थ होते. प्रत्येक चढावर ते छत्री रोवून वाटाड्याला विचारत, "अहो, इथला दगड काळा का?" उत्तर संपेपर्यंत सगळ्यांना थांबावे लागे.

"आपल्याला जिज्ञासा फार," मी म्हणाले.

"जिज्ञासा कसली डोंबलाची! गुडघे आहेत," ते पुटपुटले.

शेवटच्या चढावर त्यांचे प्रश्न संपले. त्यांनी केविलवाण्या नजरेने माझ्याकडे पाहिले. मी घसा खाकरून वाटाड्याला म्हणाले, "समुद्र खारट का असतो, हे जरा सविस्तर सांगता?"