आत सोडलेलं कापड

आमचा दादा शिंपी. दुसऱ्याच्या कमरेला टेप लावली की माप सांगणार आणि वर, "या खेपेला वाढलात बरं का!" असं ऐकवणार. स्वतःच्या कमरेला मात्र त्याने कधी टेप लावली नाही. पँट आवळायला लागली की मागची शिवण उसवायची, आत सोडलेलं कापड बाहेर घ्यायचं, नवी टीप मारायची. पँट पुन्हा सैल! "बघ, आहे की नाही मी तसाच?" असं मलाच विचारायचा. मी धाकटी, मान डोलवायची.

एकदा माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावर येताना तो दुसऱ्यावरच थांबला. मी वरून डोकावले, तर स्वारी कठडा धरून शेजाऱ्यांच्या दारावरचा पडदा न्याहाळत होती.

"शिवण वाकडी आहे," दादा म्हणाला.

चेहरा घामाने डबडबलेला, एक हात छातीवर. वहिनीला फोन केला आणि त्याला तडक दवाखान्यात नेलं.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदयाच्या रक्तवाहिन्या कडक झाल्यात. आतून अरुंदही."

"म्हणजे इलॅस्टिक गेलं?"

"तसंच समजा."

"मग बदलून टाका की!"

"ते कपड्यात चालतं. इथे आहे तेच सांभाळायचं. सिगारेट बंद, मीठ आणि तळलेलं कमी, रोज चालणं, गोळ्या वेळेवर. नाही ऐकलंत, तर पुढच्या खेपेला इथवर पोचालच असं नाही."

बाहेर आल्यावर दादा हळूच म्हणाला, "नातीचे फ्रॉक कोण शिवणार गं?" नात अजून शाळेतही जात नव्हती. तो घाबरला होता. मीही.

पण भीती किती दिवस पुरणार? लवकरच बटणांच्या डब्यामागे सिगारेटचं पाकीट सापडलं, आणि पँटची शिवण पुन्हा उसवलेली. वहिनीने आरडाओरडा केला नाही. दादाची मोठी कात्री घेतली, कपाट उघडलं आणि त्याच्या एकूण एक पँटच्या आतलं जास्तीचं कापड कापून टाकलं.

"अगं, हे काय केलंस!" दादा किंचाळला. "शिवणीतलं कापड कापतात का कधी?"

"आता पँट मोठी होणार नाही," वहिनी म्हणाली. "लहान तुम्हालाच व्हावं लागेल."

दादा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. पण पँटचं बटण लागत नाही म्हणून दुकानात काय, कमरेला दोरी बांधून बसणार? निमूट चालायला लागला. शिवलेले कपडे गिऱ्हाइकांच्या घरी पायी पोचवू लागला. सिगारेटची तलफ आली की दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणे लावायचा. पहिल्या महिन्यात दुकान इतकं नीटनेटकं झालं की गिऱ्हाइकं चुकीच्या दारात आल्यासारखी बघायची. मधे एकदा भज्यांवर घसरला, वहिनीच्या हाती सापडला, पुन्हा वळणावर आला.

परवा दादा-वहिनी नातीला घेऊन माझ्याकडे आले. दादा न थांबता वर आला. पडद्याची शिवण अजून वाकडीच आहे, पण त्याने बघितलीसुद्धा नाही. नातीच्या अंगात नवा कोट होता. वहिनीने सवयीने तो उलटून पाहिला. आत सगळीकडे चार-चार बोटं कापड दुमडलेलं.

"एवढं कशाला सोडलंत?"

"वाढेल ना ती," दादा म्हणाला. "दर वर्षी उसवून देईन की मी."

वहिनीने कोट सुलटा केला आणि नातीची बटणं लावत बसली, नेहमीपेक्षा बराच वेळ.